व्यायामास शोभेल असा पोशाख

ती सूचना मी लिहिली होती. जिमच्या मालकाने ती छापून घेतली, खाली स्वतःचं नाव टाकलं, खांबावर चिकटवली ती त्यानेच. पण शब्द माझे होते. आणि त्यातलं शेवटचं वाक्य तर त्याने मागितलंही नव्हतं. ते मी माझ्या मनाने घातलं. दोन वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. नियम जिमचा होता, मी फक्त हात चालवला, असं स्वतःला समजावत राहिलो. त्या एका वाक्यामुळे मसोलीच्या नलूताईंची जिम सुटली, आणि जिम सुटली म्हणून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जायचा राहिला. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल जे चांगलं लिहीन ते वाचताना कोणी मला भला माणूस समजणार नाही.

नलूताईंची मसोलीत चिकूची वाडी होती. वय साठीच्या पुढे एक-दोन वर्षं. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, एकुलती मुलगी लग्न होऊन तलासरीला. वाडी त्या एकट्या बघायच्या, तीही खुर्ची टाकून नाही. शिडीवर चढून, जाळीच्या काठीने स्वतः चिकू उतरवायच्या. एका पावसाळ्यानंतर त्या शिडीवरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण खांदा आखडला. हात छातीच्या उंचीपर्यंत यायचा आणि कोणी धरून ठेवल्यासारखा थांबायचा. डॉक्टरांनी बजावलं, सहा महिने रोज दोरी ओढा, हलकी वजनं उचला, खंड पडला तर हा हात असाच राहील. घरी दोरी बांधून झाली होती.

"घरी हात वर केला की हाक येते," त्या म्हणायच्या. "टेंपो आला, मोटर बंद पडली, बाया आल्या. म्हटलं, जिथे मला कोणी हाक मारणार नाही अशा जागी जाऊ."

ती जागा म्हणजे आमची जिम. डहाणू रोडला, मसोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टाइल्सच्या दुकानाच्या वर. तीन भिंतींना आरसे. चौथ्या भिंतीवर एक मोठा फलक, डावीकडे लिहिलेलं 'आधी', उजवीकडे 'नंतर', आणि त्याखाली सभासदांचे फोटो. मालक भाविक, तिशीचा, वापीला काही वर्षं ट्रेनर होता. अर्धं मराठी, अर्धं गुजराती बोलायचा. काउंटरवर टी-शर्टही विकायचा. माझ्या पहिल्या दिवशी त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, हे ढगळं नको. फिटिंगचं घाला. स्वतःला बघून मोटिव्हेशन येते." मी तलासरीच्या कचेरीत अव्वल कारकून, एकोणपन्नासाव्या वर्षी साखर निघाली म्हणून व्यायामाला आलेला. मी एक काळा टी-शर्ट घेतला, माझ्या मापाहून दोन नंबर लहान. तो अंगात घालायला आणि काढायला मला व्यायामापेक्षा जास्त कष्ट पडायचे.

नलूताई सकाळी साडेसातला यायच्या. उजेड होताच वाडीत तोडणी सुरू करून द्यायची, उतरलेले चिकू गोळा करायचे, आणि नऊला टेंपो यायच्या आत मधला पाऊण तास काढून यायचं. त्यामुळे यायच्या त्या कामाच्याच कपड्यांत. नेसूची साडी वर खोचलेली, त्यावर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. आमच्याकडे वाडीत काम करणारी प्रत्येक बाई असाच शर्ट घालते. जिममध्ये मात्र कोणी तो पाहिलेला नव्हता.

"त्यांचे सात शर्ट राहिलेत," त्या मला एकदा म्हणाल्या. "वाराला एक. रविवारचा जरा चांगला आहे."

आल्या की कोणाकडे न बघता दोरीच्या मशीनपाशी जायच्या आणि आरशाकडे पाठ करून उभ्या राहायच्या. ट्रेनरने सांगून पाहिलं, मावशी, आरशात बघून करा, पोश्चर कळतं. त्या म्हणाल्या, "तोंड बघत बसले तर हात कोण बघणार?" दुखायचं खूप. दुखलं की त्या दोरीला शिव्या द्यायच्या, अगदी नावानिशी, जणू ती त्यांची जाऊ आहे. एरवी जिममध्ये लोक कण्हायचे तेसुद्धा शेजारच्याने ऐकावं म्हणून. त्यांचं कण्हणं खरं होतं आणि ते ऐकून आम्हा बाकीच्यांना अवघडल्यासारखं व्हायचं.

मला त्या तलाठीबुवा म्हणायच्या. मी एकदा सांगितलं, "ताई, मी तलाठी नाही, अव्वल कारकून आहे."

"कागद लिहितोस ना?"

"लिहितो."

"मग झालं तर."

दर शनिवारी कचेरीला सुट्टी, म्हणून मी जिममध्ये जास्त वेळ असायचो. शनिवारी त्या खांबाला पाठ टेकून हात जमेल तेवढा वर करायच्या आणि मला म्हणायच्या, "तलाठीबुवा, खूण कर." मी पेन्सिलने त्यांच्या बोटांच्या टोकापाशी रेघ मारायचो. पहिली रेघ त्यांच्या खांद्याच्याही खाली होती. चार महिन्यांत ती कानापर्यंत आली. खिडकीच्या वर एक पट्टी होती, तिच्याकडे हनुवटी करून त्या म्हणायच्या, "तिथवर गेला की शिडीवर. मग तुम्ही आणि तुमचे आरसे." गेल्या आठवड्यापेक्षा रेघ खाली आली की चिडायच्या आणि मलाच म्हणायच्या, "तू वाकडी मारलीस."

त्याच सुमारास रिद्धी नावाची मुलगी यायला लागली. तेवीस-चोवीसची, स्टेशनजवळच्या एका दुकानात बिलिंगला होती. अंगाने भरलेली. पहिल्या दिवशी भाविकने तिचे समोरून, बाजूने फोटो काढले, रेकॉर्डसाठी म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यातला एक फलकावर, 'आधी'च्या खाली. उजवीकडे रिकामी चौकट आणि तिच्यात प्रश्नचिन्ह. रिद्धीने तो पाहिला आणि ती बूट काढायच्या बाकावर जाऊन बसली. बसली ती उठेना. आम्ही सात-आठ जण होतो. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे पुन्हा आरशाकडे वळले. नलूताईंनी दोरी सोडली.

"काय झालं गं पोरी?"

तिने फलकाकडे बोट दाखवलं. नलूताई काउंटरपाशी गेल्या.

"ए भाविक, तो फोटो काढ."

"मासी, ए तो मोटिव्हेशन छे. तीन महिन्यांनी बघा ना, काय दिसेल ती!"

"आणि आत्ता? आधी म्हणजे कशाच्या आधी? माणूस व्हायच्या?"

"सगळ्यांचे लावतो, मासी."

"मग माझाही लाव. डावीकडे मला लाव आणि उजवीकडे पण मलाच लाव. फक्त हात तेवढा वर असेल."

दोघे-तिघे हसले. भाविकही हसला आणि मोबाइलमध्ये बघायला लागला. नलूताई तिथून हलल्या नाहीत. "काढतोस की मी काढू? एक हात चालतो अजून माझा." त्याने काढला.

त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला असं लिहायला आवडलं असतं. मला भीती वाटली. माझाही फोटो होता त्या डाव्या बाजूला, पोट पुढे आलेलं, मान खाली. उजवी चौकट भरायची म्हणून मी रोज मरत होतो. कोणी बघतंय असं वाटलं की जास्त वजन घ्यायचो, कोणी नसलं की कमी. ट्रेडमिलवर धावायचो नाही, कारण धावताना पोट हलतं आणि समोर आरसा. साखर किती उतरली हे मी तीन महिने तपासलंही नव्हतं. आज त्या गोष्टीचा मला इतका संताप येतो की जिममधले ते सगळे आरसे फोडून टाकावेसे वाटतात. पण तेव्हा मला ते सगळं बरोबर वाटत होतं. चुकीची वाटत होती ती आरशाकडे पाठ करून उभी राहणारी बाई.

मग एका सकाळी माझी पाळी आली. मी डंबेल्स घेऊन आरशासमोर उभा होतो. पोट आत ओढलेलं, गाल फुगलेले, चेहरा लाल. मागून आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा:

"तलाठीबुवा, श्वास घे रे!"

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"अरे, गुदमरशील. पोट आत ओढून कोणाला फसवतोस? त्या आरशाला? तो काय तुला मुलगी देणारे?"

जिम हसली. पोरं हसली, ट्रेनर हसला, बाकावरची रिद्धी पदर नसताना तोंडाला पदर लावल्यासारखी हसली. मीही हसलो, आणि हसताना पोट सुटलं तेव्हा सगळे पुन्हा हसले. नलूताईंनी त्यात काही कुत्सित आणलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या जशा दोरीला बोलायच्या तशा मला बोलल्या होत्या, घरच्यासारख्या. मी घरी गेलो आणि भाजीत मीठ जास्त आहे म्हणून बायकोवर ओरडलो. मीठ बरोबर होतं.

पंधरा दिवसांनी भाविकने मला काउंटरपाशी बोलावलं. त्याला तलासरीला दुसरी जिम काढायची होती. त्यासाठी व्हिडिओ बनवायचा होता, कॅमेरावाला येणार होता.

"साहेब, मासीचं काहीतरी करावं लागेल. व्हिडिओमध्ये साडी नि तो शर्ट… सारुं नथी लागतुं, बरं नाही दिसत. मी बोललो तर त्या माझी चामडी काढतील. तुम्ही एक सूचना लिहून द्या ना. तुमची भाषा एकदम सरकारी. कोणाला वाईट नाही वाटलं पाहिजे."

"काय लिहू?"

"बस, साडी-बाडी नको. जिमचे कपडे घाला. एवढंच."

मी त्याच्या काउंटरवर उभ्याउभ्या लिहिलं. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, व्यायामशाळेत येताना व्यायामास शोभेल असा पोशाख परिधान करावा.' एवढ्यावर थांबता आलं असतं. एवढं वाचून नलूताई भाविकशी भांडल्या असत्या आणि जिंकल्या असत्या. शोभेल म्हणजे काय, कोणाला शोभेल, असं विचारून त्यांनी त्याला घाम फोडला असता. मला ते माहीत होतं. म्हणून मी पुढे लिहिलं: 'मळके अथवा डाग असलेले कपडे घालून येणाऱ्यांस प्रवेश दिला जाणार नाही.'

चिकू तोडला की देठातून पांढरा चीक गळतो. कपड्यावर पडला की तपकिरी होतो आणि तो कपडा फाटेपर्यंत तिथेच राहतो. कुठलाही साबण त्याला काही करू शकत नाही. भाविकला हे ठाऊक नव्हतं, त्याने चिकू फक्त मिल्कशेकमध्ये पाहिलेला. मला ठाऊक होतं. माझं आजोळ वाडीतलं. माझ्या आईच्या अंगावरची प्रत्येक साडी अशी होती, आणि शाळेच्या कार्यक्रमाला ती तशा साडीत आली की मी तिच्यापासून दोन हात लांब उभा राहायचो. नलूताईंचा शर्ट रोज धुतलेला असायचा. खूण करताना जवळ गेलो की साबणाचा वास यायचा. तरी त्या शर्टावर डाग होते आणि ते जाणार नव्हते. त्यांच्याकडे असलेला एकही शर्ट माझ्या वाक्यातून पार झाला नसता. हे सगळं जाणून, शांत डोक्याने, वळणदार अक्षरात मी ते लिहिलं.

भाविकने वाचलं आणि म्हणाला, "वाह साहेब. डागवालं मला सुचलंच नसतं."

सोमवारी सूचना लागली. लावायला त्याला तोच खांब सापडला. पेन्सिलच्या रेघांच्या बरोबर वर.

नलूताई साडेसातला आल्या. दोरीपाशी गेल्या, कागद दिसला, थांबल्या. चष्मा नव्हता म्हणून डोळे बारीक करून, एकेक शब्द मोठ्याने वाचत गेल्या. शेवटच्या वाक्यापाशी आल्यावर त्यांनी शर्टाची बाही डाव्या हाताने पुढे ओढून पाहिली. मग ते वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी मनात.

"भाविक."

"मासी, सगळ्यांसाठी आहे. तुमच्यासाठी नाही."

"डागाचं कोणी लिहिलं?"

"मासी, नियम…"

"हे तुझं नाही. तुला चिकू झाडाला लागतो की वेलीला हे ठाऊक नाही. हे आपल्यातल्या कोणीतरी लिहिलंय."

मी ट्रेडमिलवर चढलो होतो. मी वेग वाढवला. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्या यंत्रावर पळायला लागलो. त्या माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"तलाठीबुवा, वाचलीस का तू?"

"हो ताई."

"बरोबर आहे?"

"नियम आहे, ताई," मी म्हणालो. पळता पळता म्हणालो, आरशाकडे बघत.

त्या वळल्या. बाकावर बसून त्यांनी बुटांच्या नाड्या नीट बांधल्या, त्याला वेळ लागला, आणि जिना उतरून गेल्या. मी दहा मिनिटं आणखी पळलो.

व्हिडिओ छान झाला. त्यात मी तीन सेकंद आहे. किती वेळा पाहिला ते सांगायची लाज वाटते. पुढे फलकावरची माझी उजवी चौकट भरली. रिद्धीने जिम सोडली, जाताना जिन्यात मला भेटली आणि म्हणाली, "काका, तुम्ही तरी बोलायचं होतं. तुम्ही तर खुणा करून द्यायचात." मी म्हणालो, "मी काय बोलणार? मालक तो आहे." ती माझ्याकडे बघत राहिली. त्या पोरीला सगळं कळलं असावं असं मला अजून वाटतं.

वर्षभराने ऐकलं, की नलूताईंनी वाडी कसायला दिली. शिडीवर चढता येत नाही आणि दुसऱ्याने उतरवलेलं बघवत नाही, म्हणून मुलीकडे तलासरीला राहायला गेल्या. तलासरीला म्हणजे माझ्या कचेरीच्या गावात, आणि त्यातही माझ्या रोजच्या रस्त्यावर. मी रस्ता बदलला. तीन महिने लांबून गेलो. एकदा विसरून जुन्या गल्लीतून निघालो आणि त्या ओट्यावर बसलेल्या दिसल्या. मी बाइक थांबवली नाही. कचेरीही मागे गेली, हायवेला लागलो आणि थेट गुजरातच्या सीमेवर अच्छाडला, ट्रकांच्या रांगेपाशी पोचलो. तिथल्या ढाब्यावर चहा घेऊन बसलो, एकोणपन्नास उलटून गेलेला बाप्या, कोणापासून लपतोय तर एका बाईपासून. साहेबांनी उशिराचं कारण विचारलं, मी पंक्चर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या गल्लीत बाइक बंद केली.

नलूताई ओट्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. मागच्या पायरीवर त्यांची मुलगी सुवर्णा, शाळेत शिक्षिका, त्यांचे केस विंचरत होती. पांढरे, लांब केस. सुवर्णाच्या दातांत आकडा होता आणि नजर घड्याळावर.

"कोण? तलाठीबुवा का?" नलूताई म्हणाल्या. "बस म्हणणार नाही, हिची शाळा आहे."

"चालेल, ताई. हात कसा आहे?"

त्यांनी हात वर केला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. "असा आहे. पन्नास वर्षं अंबाडा मी माझा घातला. आता ही घालते. हिला उशीर होतो, मला ओरडते."

"आई, ओरडते कुठे मी?"

"मनात ओरडतेस."

"ताई," मी म्हणालो, "ती सूचना…"

"तू लिहिलीस. माहीत आहे."

सुवर्णाचा कंगवा थांबला. मी विचारलं, "कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? सगळे माझ्याकडे बघत होते आणि तू एकटा पळत होतास."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"मी का बोलू? लिहिलं तू."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणालो, वापीला एक चांगले डॉक्टर आहेत, मी घेऊन जातो, अजूनही…

"वेळ गेली," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनीच सांगितलं. ते सोड. तू आलास कशाला?"

"माफी मागायला."

"मग माग. आणि असा कुजबुजू नको. तेव्हा खांबावर लावलीत, सगळ्यांनी वाचली."

समोरच्या घरातली बाई नळाला पाइप लावत होती, ती बघायला लागली. शाळेत निघालेल्या दोन मुली थांबल्या. सुवर्णा कंगवा हातात धरून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग नलूताईंच्या रागापेक्षा ताजा होता, कारण तिला हे आत्ताच कळत होतं. नलूताई मान न वळवता, केस पाठीवर मोकळे, समोर बघत बसून राहिल्या.

मी मोठ्याने बोललो. "डागांचं वाक्य मी लिहिलं. भाविकने सांगितलं नव्हतं. डाग धुऊन जात नाहीत हे मला ठाऊक होतं, आणि तुमचा हात तिथेच बरा होतोय हेही ठाऊक होतं, रेघा मीच मारत होतो. मला माझ्या पोटाची लाज वाटत होती, म्हणून मी तुम्हाला लाज वाटावी असं लिहिलं. तुमचा हात माझ्यामुळे राहिला. मी चुकलो, नलूताई. मला माफ करा."